हॅवर डी ग्रेसची लाकडी बदकं

न्यू जर्सीहून वॉशिंग्टनला जाताना आय-नाइंटीफाइव्हवर सस्क्वेहाना नदीचा मोठा पूल लागतो. इतक्या वर्षांत किती वेळा ओलांडला असेल, पण खाली उतरून गाव बघावं असं कधी सुचलंच नाही. यावेळी नाशिकहून बाबा आले होते, त्यांचं सगळं आयुष्य सुतारकामात गेलंय, म्हटलं मोठमोठ्या म्युझियममध्ये फिरवून दमवण्यापेक्षा यांना हॅवर डी ग्रेसला नेऊया, तिथे फक्त लाकडी बदकांचं म्युझियम आहे.

मेरीलँडमधलं छोटंसं गाव, नदी चेसापीक बेला मिळते तिथेच वसलेलं. म्युझियम पाण्याला अगदी लागून, १९८६ साली सुरू झालेलं. गाव स्वतःला जगातली डेकॉयची राजधानी म्हणवतं आणि आतली कपाटं बघितल्यावर ते पटतं.

डेकॉय म्हणजे शिकारीसाठी केलेलं खोटं बदक. अशी बदकं पाण्यावर सोडून ठेवायची, वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं खाली आपलीच मंडळी निवांत चरतायत म्हणजे जागा धोक्याची नाही, ती उतरतात आणि बंदुकीच्या टप्प्यात येतात. इथे नदीच्या मुखाशी सस्क्वेहाना फ्लॅट्स नावाचा उथळ पाण्याचा मोठा पट्टा आहे, त्यात वाइल्ड सेलरी हे पाणगवत उगवतं आणि ते खायला हिवाळ्यात कॅनव्हासबॅक बदकं यायची. आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला लालसरी येते ना, तिचंच हे भावकीतलं, तसंच विटकरी डोकं, काळी छाती, पाठ मात्र आणखी पांढरट. हे गवत खाऊन त्यांच्या मांसाला अशी चव यायची की बाल्टिमोर, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भरपूर भाव मिळायचा, त्यामुळे शिकार हा इथे रीतसर धंदाच होता.

मला सगळ्यात हादरवलं ते सिंकबॉक्सने. शवपेटीसारखी लाकडी पेटी, चारी बाजूंनी सपाट फळ्या, तिच्यात शिकारी उताणा झोपणार आणि पेटी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली. ती बुडावी म्हणून फळ्यांवर ओतीव लोखंडाची जड बदकं ठेवायची आणि सभोवती शेकडो लाकडी. म्हणजे बदकांच्या नजरेला माणूस दिसायचाच नाही. मी बराच वेळ तिथून हलले नाही. मला पक्षी आवडतात, त्यामुळे ते बघून पोटात कालवलं हे खरं, आणि तरी शेजारच्या कपाटातलं बदक हातात घ्यावंसं वाटत होतं हेही खरं. १९१८च्या कायद्याने विक्रीसाठीची शिकार थांबली, १९३५ला सिंकबॉक्सवर बंदी आली. आणि १९७२च्या ॲग्नेस वादळात नदीतून इतका गाळ आला की ते गवतच जवळपास संपलं. आता ते बऱ्यापैकी परत आलंय हे कळलं तेव्हा खूप बरं वाटलं.

बाबा तोपर्यंत मॅडिसन मिचेलपाशी अडकलेले. हा माणूस (१९०१ ते १९९३) गावातला अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणारा, तो व्यवसाय सांभाळून आयुष्यभर बदकं करत राहिला, आणि त्याच्या हाताखाली इथले कितीतरी कारागीर शिकले. त्याचं वर्कशॉपच म्युझियमच्या आवारात आणून ठेवलंय. शरीर लेथवर उतरवायचं, डोकं वेगळं कोरून बसवायचं, पॉलिश पेपर, ऑइल पेंट, आणि बुडाला शिशाचं वजन म्हणजे लाटेत कलंडलं तरी परत सरळ होतं.

तिथल्या एका आजोबांनी बाबांचे हात बघितले आणि काही न विचारता एक जुनं कॅनव्हासबॅक त्यांच्या हातात दिलं. पाठीवरचा रंग उडालेला, दोरीची कडी गंजलेली, मानेवर छर्‍याचे दोन खड्डे. बाबांनी उलटं करून बूड बघितलं, मग अंगठा मानेच्या सांध्यावरून फिरवत चोचीपर्यंत नेला आणि म्हणाले, "हे बघ, लाकडाच्या रेषा चोचीच्या लांबीने चालल्यात. आडव्या असत्या तर पहिल्याच धक्क्याला तुटली असती." मी इंग्रजीत सांगितलं तर आजोबा एकदम खूश, त्यांनी बाबांना दोन मुठींची सुरी दाखवली, बाबांनी रंध्याची अॅक्शन करून दाखवली, पुढचा अर्धा तास माझी गरजच नव्हती.

काचेतली नवी शोभेची बदकं, एकेक पीस कोरलेली, सुंदरच आहेत. पण माझ्या मनात ते रंग उडालेलंच राहिलंय, शेकड्यांनी केलेल्यांतलं एक, आणि तरी मानेचा बाक असा की आता वळून बघेल.

मग मागच्या बोर्डवॉकने १८२७च्या लाइटहाऊसपर्यंत चालत गेलो, वारा गार होता. बाबा गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "इकडे पाइनची फळी कुठे मिळते गं?"

ते पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. आमच्या गराजमध्ये टेबलावर सध्या एक डोकं तयार आहे, चोच दुसऱ्या प्रयत्नात जमली, आणि अंग अजून चौकोनीच आहे.