आमची वाटचाल : जुन्या क्रूझर, पुराचं पाणी आणि एमएच-09

कोल्हापुरात जुनी क्रूझर, म्हणजे लांब बांध्याची, आरामात बसायची मोटरसायकल घ्यायची तर आधी आमच्याकडे दाखवून घ्या, असं आता गिऱ्हाईकच गिऱ्हाइकाला सांगतं. हे नाव जाहिरातीवर मिळालेलं नाही, गाड्या नाकारून मिळालंय. जितक्या गाड्या आम्ही घेतो त्याहून जास्त दारातून परत पाठवतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

2001 मध्ये बजाजने कावासाकी एलिमिनेटर आणली तेव्हा मी उद्यमनगरात इंजिन बोअरिंगच्या वर्कशॉपला कामाला होतो. पुढच्या वर्षी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आली. 2005 मध्ये एलिमिनेटरच्याच बांध्यात पल्सरचं 180 चं इंजिन बसवून बजाजची अ‍ॅव्हेंजर आली. हौसेने घेतलेल्या या गाड्या पेठांच्या बोळात वळेनात, म्हणून वर्षा-दोन वर्षांत विकायला निघायच्या. बाजारातल्या डीलर लोकांना स्प्लेंडरचा भाव तोंडपाठ, पण यांचा भाव कसा करायचा ते ठाऊक नव्हतं. तिथे आम्हाला जागा दिसली. शाहूपुरीत एक गाळा भाड्याने घेतला. पैसा माझा, कान मिस्त्रींचे.

मिस्त्री म्हणजे माझे पहिले आणि एकमेव भागीदार. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, लेथवर हात बसलेला. गाडी आली की पहिलं काम म्हणजे इंजिनावर पालथा हात. "भावा, गरम गाडी बघायची न्हाई. उद्या सकाळी आण म्हणावं." गरम गाडी अर्ध्या गोष्टी लपवते. थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या क्षणी निळा धूर आला आणि थोड्या वेळात थांबला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. एक्सलेटर पिळल्यावर निळा धूर सुटत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय. पांढरी वाफ सकाळच्या गारव्यात येते, तिला घाबरू नका.

त्यांचं कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, अजून आमच्याकडे आहे. रीडिंग कमी आलं की ते प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत किक मारायचे. रीडिंग चढलं तर दोष रिंगांत, नाही चढलं तर व्हॉल्व्हमध्ये. पाच मिनिटांचं काम, पण ते टाळून हजारो रुपयांचं इंजिनकाम गळ्यात घेतलेली माणसं मी पाहिलीत. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की टायमिंग चेनचा आवाज वेगळा, टॅपेटचा वेगळा. हे शिकायला मला वर्षं लागली.

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ आहे का हे बघायला आमच्याकडे साधा दोरा. मागच्या चाकाला गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणायचा, दोन्हीकडे अंतर सारखं आलं पाहिजे. क्रूझरची लांबी जास्त, त्यामुळे मागे थोडा बाक असला तरी पुढे ठळक दिसतो. मग पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवायचं. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग गेलं. हँडलच्या मानेजवळ वेल्डिंगवर रंग नवा असेल तर तिथेच थांबा, पुढे काही बघू नका.

थंडरबर्ड ट्विनस्पार्क घेताना सेल्फ मारून ऐका. करकर आवाज येऊन इंजिन फिरलंच नाही तर सेल्फचा जोर इंजिनाला देणारा स्प्रॅग क्लच गेलेला असतो. बॅटरी मरायला टेकली असताना सेल्फ मारत राहिल्याने तो जातो, आणि इंजिनाची बाजू उघडल्याशिवाय बदलता येत नाही. अ‍ॅव्हेंजर 220 घेताना ऑइल कूलरच्या पायपांचे जोड बोटाने पुसून बघा. आणि कमी किलोमीटरला भुलू नका. क्रूझर ही बहुतेकांची रविवारची गाडी. आठ-आठ वर्षं पडून राहिलेल्या गाडीत टाकीला आतून गंज, कार्ब्युरेटर चिकटलेला, फोर्कचे सील वाळलेले. रोज ऑफिसला जाणारी, वेळेवर ऑइल बदललेली गाडी त्यापेक्षा शंभर पटीने बरी. मीटर फिरवता येतं. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलचा घासलेला भाग आणि किल्लीचं भोक फिरवता येत नाही.

पहिली दहा-अकरा वर्षं धंदा चांगला चालला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी सगळं पाण्यात. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद होता. आमच्या गाळ्यात गाड्यांच्या पेट्रोल टाकीच्या वर पाणी होतं आणि आत विक्रीसाठी लावलेल्या गाड्या उभ्या होत्या.

बाहेरच्यांना वाटतं, विमा असेल की. तेव्हा आमच्या धंद्यात गाडी डीलरच्या नावावर होत नसे. आरसी आणि विमा आधीच्या मालकाच्या नावावर, मालकी बदलायचे सही केलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म आमच्या ड्रॉवरमध्ये, आणि गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर ट्रान्सफर. सगळा बाजार असाच चालायचा. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीने विचारलं, तुम्ही कोण? या प्रश्नावर आमचं भांडवल गेलं.

पाणी उतरल्यावर आठवड्याभरात एक डीलर आला. त्याचं नाव घेत नाही, कोल्हापुरात ते ज्यांना कळायचं त्यांना कळतं. बुडालेल्या सगळ्या गाड्या आहे त्या स्थितीत एकरकमी उचलतो म्हणाला. दर पडेल होता, पण रोख होता, आणि आमच्याकडे गाळ्याचं भाडं द्यायलाही पैसे नव्हते. मिस्त्रींनी त्याला एकच विचारलं, "धुऊन विकणार का पार्ट काढून?" त्याने उत्तर दिलं नाही. आम्ही गाड्या दिल्या नाहीत. उघडून एकेक पार्ट धुतला, जो चांगला तो पुराच्या गाडीतला असं सांगून विकला, बाकी भंगारात घातलं.

त्याने दुसरीकडून उचलल्या. सांगलीकडूनही आणल्या. सीट नवी, रंग नवा, पॉलिश मारून त्या गाड्या बेळगाव आणि पुण्याच्या बाजारात गेल्या. पुराची गाडी सुरुवातीला छान चालते, हेच तिचं वाईट आहे. मग दोन-तीन महिन्यांत वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज धरतो, चाकांचे बेअरिंग ओरडायला लागतात, आणि पाणी आत असताना कोणी इंजिन फिरवलेलं असेल तर वाकलेला कनेक्टिंग रॉड एक दिवस दगा देतो.

ओळखायची कशी ते लिहून ठेवतो, कारण पूर काही एकदाच येत नाही. हेडलाइटची वाटी उघडा, आत वायरींच्या मागे बारीक मातीची रेघ असते, तिथपर्यंत कोणी धूत नाही. साइड कव्हर काढून कनेक्टर सोडवा. सीट उलटी करून फोम हुंगा. मीटरच्या काचेत आतून धुकं दिसतं. मागच्या ब्रेकचा ड्रम उघडायला लावा. ऑइल दुधाळ असेल तर प्रश्नच नाही, पण ऑइल बदललेलं असू शकतं, म्हणून त्यावर विसंबू नका. आणि मागच्या विम्यात क्लेम झाला होता का हे जरूर विचारा.

या सगळ्यात आमचं नुकसान काय झालं? पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोल्हापूरचं एमएच-09 पासिंग म्हटलं की तो फोन ठेवायला लागला. ज्याने वाईट गाडी विकली त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, नंबर प्लेट मात्र सगळ्यांना दिसत होती. त्याच्याकडून थंडरबर्ड घेतलेल्या एका मुलाचं इंजिन आंबोली घाटात जाम झालं. तो आमच्या दारात येऊन ओरडला, सगळे कोल्हापूरवाले एकाच माळेचे मणी म्हणून. मला ते शब्द अजून टोचतात.

त्या वेळी सुभेदारसाहेब गाळ्यात बसले होते. गडहिंग्लजकडचे, फौजेतून निवृत्त. आमच्याकडून सुरुवातीच्या काळात त्यांनी थंडरबर्ड घेतलेली, आणि दर सर्व्हिसची तारीख, किलोमीटर, बदललेला पार्ट हे सगळं वहीत लिहिलेलं. त्यांनी त्या मुलाला खाली बसवलं, पाणी दिलं आणि ती वही दाखवली. मग मला म्हणाले, "मला दुसरी गाडी पाहिजे, मुलासाठी. कुठली ते तुम्ही ठरवा, घाई नाही." आणि पूर्ण रक्कम ठेवून गेले. गाळ्यात तेव्हा विकायला एकही गाडी नव्हती. त्या पैशांत भाडं गेलं आणि पुरानंतरची पहिली अ‍ॅव्हेंजर घेता आली. त्यांच्या मुलाची गाडी आम्ही डिसेंबरात दिली, मिस्त्रींनी स्वतः गडहिंग्लजपर्यंत चालवत नेऊन. त्या भागातून आजही आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, ते त्यांच्या शब्दावर.

आंबोलीच्या त्या मुलाचं इंजिनही मिस्त्रींनीच बांधून दिलं, मजुरी न घेता. त्याने नंतर चार मित्र पाठवले.

पुढे लॉकडाउन आला, मग 2021 च्या जुलैत परत पाणी. तोवर आम्ही शाहूपुरी सोडून राजारामपुरीत आलो होतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नवे नियम आले. आता आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी आमच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की तिची जबाबदारी आमची. बरेच जण कागद वाढले म्हणून कुरकुर करतात. 2019 मध्ये हा नियम असता तर विमा कंपनीच्या खिडकीवर मला कोणी विचारलं नसतं, तुम्ही कोण म्हणून.

आम्ही प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा कागद देतो. त्यावर गाडीचे दोष लिहिलेले असतात, म्हणजे चेन-स्प्रॉकेट किती उरलंय, टायर कुठल्या आठवड्यातला, कुठे वायरिंगला जोड आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी जुनं रबर पावसात धरत नाही, ते बदलायचा खर्च भावातून वजा करून मागा. पुराच्या गाड्या विकणारा तो डीलरही आता असाच कागद छापतो, आमच्याच रकान्यांचा. त्याच्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण असते. जुन्या गाडीत एकही दोष नाही असं लिहून देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

मिस्त्रींचे गुडघे आता साथ देत नाहीत. तरी रोज सकाळी येतात. सध्या रॉयल एनफिल्डच्या मीटिओर 350 जुन्या बाजारात यायला लागल्यात, 2020 च्या अखेरीस निघालेल्या. इंजिन नवीन घडणीचं, आवाज कमी, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसायला त्यांना जास्त वेळ लागतो. तोवर गिऱ्हाइकाने चहा घ्यावा. भाव त्यानंतरच सांगतो.