ओतलेली गोळी जोरात पळवायची तर (तुम्ही विचारलंत म्हणून)

"शिशाची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या वर वेगानं नेली की भरकटते म्हणतात. मग तुमची कशी जाते?" नेमबाजीच्या क्लबात नवीन आलेला प्रत्येक जण मला हे विचारतो. मंडळाच्या गणपतीत प्रश्न वेगळा असतो. "काका, तुम्ही घरी गोळ्या बनवता म्हणे? पोलीस काही म्हणत नाहीत?"

दुसरा आधी उरकतो. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोल्हापुरात कुणी शेगडीवर पातेलं चढवू नये.

आता पहिला प्रश्न. त्याला थोडा इतिहास आहे. बंदुकीची काळी दारू होती तोवर नुसत्या शिशाच्या गोळीवर भागत होतं. धूर न करणारी दारू आली, वेग वाढला, आणि शिसं त्या जोराला पुरेना. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी १८८२ मध्ये गोळीला तांब्याचं वेष्टन चढवलं, १८८६ मध्ये फ्रेंचांची लेबेल रायफल आली, आणि त्यानंतर लष्करांनी ओतीव गोळीकडे वळून पाहिलं नाही. ती आमच्यासारख्या रिकामटेकड्यांकडे उरली.

माझं म्हणाल तर शिशाशी जुनी ओळख. वडील सांगलीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. लहानपणी फुटका "क्ष" खिशात घालून शाळेत गेलो होतो आणि आईच्या हातचा मार खाल्ला होता, शिसं विषारी म्हणून नव्हे, खिसा फाटला म्हणून. पुढे शिरोलीच्या एका फाउंड्रीत बारा वर्षं काढली, मग इकडे मिलवॉकीजवळ. त्यामुळे पन्नाशीत जेव्हा हा नाद लागला तेव्हा मला वाटलं, ओतकाम आपल्याला कोण शिकवणार?

हाच माज नडला. ओतकाम करणाऱ्याला प्रत्येक दुखणं धातूचंच वाटतं. गोळी जोरात मारली की विखुरते? म्हणजे मऊ पडते. कठीण करा! शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापानं पाचच्या आसपास, गाडीच्या चाकाला लावायच्या जुन्या वजनांची दहा-बारा, आणि छपाईच्या लायनोटाइपची बावीसच्या घरात. लायनोटाइप म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. २४० अंश सेल्सियसच्या आसपास एकदम वितळतं आणि साच्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यात शिरतं. बंद पडलेल्या एका छापखान्याचा माल मला मिळाला आणि मी दोन वर्षं तेच ओतलं. गोळ्या अशा देखण्या, की पेटीत मांडून ठेवाव्यात. निकाल असा: १७० ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमची गोळी, तळाला तांब्याची वाटी, शंभर यार्डांवर दहा फैरी. सेकंदाला १,७०० फूट वेगानं दहाही भोकं दीड इंचात. २,३०० फुटांनी सहा इंचात, आणि एखादी कागदालाच न लागता गेलेली. (पाच गोळ्यांचे गट दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पाच गोळ्या कुणाच्याही नशिबानं एकत्र पडतात.)

एक दिवस शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "नळीला पीळ किती?" मला माहीत नव्हतं. त्यांनी माझी साफ करायची दांडी घेतली, टोकाला घट्ट चिंधी लावली, नळीत ढकलली, मुठीपाशी मार्करनं एक रेघ मारली आणि हळूहळू आत सारत गेले. दांडी नळीतल्या पिळदार खाचांबरोबर फिरत होती. रेघ एक पूर्ण फेरा घेऊन परत वर आली तेव्हा त्यांनी दुसरी खूण केली आणि पट्टी लावली. दहा इंच. म्हणजे दहा इंच पुढे जाताना गोळी एकदा स्वतःभोवती फिरते.

मग त्यांनी हिशेब सांगितला. वेग गुणिले ७२०, भागिले पिळाचे इंच, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते. १,७०० फुटांवर १,२२,४०० आणि २,३०० वर १,६५,६००. ओतणाऱ्यांत एक पंथ आहे, तो म्हणतो की १,२०,००० ते १,४०,००० च्या पुढे गोळीचे दोष डोकं वर काढतात. दुसरा पंथ म्हणतो, हे थोतांड आहे. दोघांच्या भांडणात कितीतरी हिवाळे गेले असतील.

मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणित मांडलं. समजा गोळीत एका बाजूला पोकळी आहे आणि तिच्या वजनाचा मध्य आसापासून एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सरकलाय. नळीत ती खाचांच्या धाकानं सरळ आसाभोवती फिरते. तोंडातून सुटली की तो सरकलेला मध्य तिला बाजूला ओढतो, गोफणीतला दगड सुटावा तसा. दहा इंच पिळाला शंभर यार्डांवर ही चूक सव्वादोन इंच भरते. इथवर ठीक. पण गणितात वेग कुठे उरलाच नाही! वेग वाढला की गरगरणं वाढतं, पण निशाणापर्यंत पोचायचा वेळ तेवढ्याच पटीनं कमी होतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. जी गोळी १,७०० ला दीड इंचात बसते, तीच गोळी, तशीच्या तशी नळीबाहेर पडली, तर निदान या कारणानं २,३०० ला सहा इंच पसरायला नको.

म्हणजे ती तशीच्या तशी बाहेर पडत नव्हती. नळीच्या आत तिचं काहीतरी होत होतं. फेऱ्यांचा आकडा माझ्या मते आजाराचा ताप आहे, आजार नव्हे.

पुरावा हिवाळ्यानं दिला. जानेवारीत मातीच्या बांधापुढे बर्फाचा मोठा ढीग होता, त्यात वीसेक गोळ्या मारल्या. भुसभुशीत बर्फ गोळीला फारशी इजा न करता थांबवतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर चिखलातून त्यातल्या अकरा वेचल्या, धुतल्या आणि भिंगाखाली धरल्या. नाकाच्या एका बाजूला खाचांचे व्रण नखाला लागतील इतके खोल, समोरच्या बाजूला नुसता ओरखडा. जवळजवळ सगळ्यांवर हेच. दोघींच्या कुशीवर वाहून गेल्यासारखी चकचकीत पन्हळ होती. तापलेला वायू तिथून पुढे निसटला होता. गोळी वाकडी आत शिरत होती. पहिल्या इंचातच.

काडतुसाच्या पुंगळीला मान असते, म्हणजे गोळी धरून ठेवणारं तोंड, आणि बंदुकीला घसा, म्हणजे खाचा सुरू होतात तिथला नळीचा भाग. मानेतून सुटलेली गोळी घशात सरळ गेली पाहिजे, एवढीच गोष्ट, आणि मी तीच कधी मोजली नव्हती. सत्तर ते नव्वद अंशांच्या दरम्यान वितळणारा बिस्मथचा एक मिश्रधातू मिळतो, तो घशात ओतायचा, थिजला की बाहेर काढायचा आणि तासाभरानं मोजायचा. आधी मोजलं तर आकसलेलं माप येतं. माझ्या बंदुकीचा घसा निघाला ३१० थाऊ. गोळी मी ३१० चीच करत होतो, असं मला वाटत होतं. मग एक भरलेलं काडतूस खोललं, गोळी परत काढली आणि मायक्रोमीटर लावला. ३०८ आणि अर्धा. पुंगळीची मान तांब्याच्या वेष्टनाच्या गोळीसाठी आवळलेली. मी ओतून, माप करून, मेण लावून आणलेली गोळी तिच्यात दाबताना सोलून निघत होती. बारा वर्षं फाउंड्रीत काढलेला मी, आणि चूक भट्टीत नव्हतीच.

मान थोडी मोठी करणारा खुंटा आणला. गोळी इतकी पुढे बसवली की बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची कडी, लावतानाच तिचं नाक घशाला टेकावं, म्हणजे उडी मारायला जागाच नको. दारू संथ जळणारी घेतली, तिनं पुंगळी जवळजवळ भरते. क्लच हिसक्यानं सोडणारा एस.टी. ड्रायव्हर आणि हळू सोडणारा, दोघं बस तेवढ्याच वेगाला नेतात, पण उभ्या माणसांना विचारा. दारू किती घालायची ते मी सांगणार नाही. छापील मॅन्युअलात तुमच्या बंदुकीचं आणि गोळीचं बघा, सगळ्यांत कमी आकड्यापासून सुरुवात करा. माझा आकडा तुमच्या बंदुकीत बोटं घालवू शकतो.

गंमत म्हणजे एवढं झाल्यावर लायनोटाइपची गरजच उरली नाही. ते ठिसूळही असतं. आता चाकाची वजनं, चिमूटभर कथील, आणि साच्यातून गोळी थेट पाण्याच्या बादलीत. वजनांत अंशभर आर्सेनिक असतं, त्यामुळे पाणी दिलं की कठीणता चढते, पोलादासारखी लगेच नव्हे, काही दिवसांत. वंगणाला मधमाशीचं मेण आणि अलॉक्स नावाचं पेट्रोलियमचं वंगण निम्मं-निम्मं, हे जुनं सूत्र. नवी पोरं गोळीला पावडर कोटिंग करतात, आपल्याकडे जिन्याच्या रेलिंगला करतात तेच. चांगलं चालतं म्हणतात. मला तो निळा रंग बघवत नाही.

वजनं मात्र आता निवडून घ्यावी लागतात. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी शिशाची बंद केल्यापासून ढिगात जस्ताची मिसळलेली असतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, शिसं ३२७ ला. भट्टी ३६० च्या आत ठेवली तर जस्त वर तरंगतं आणि झाऱ्यानं उचलता येतं. एकदा फोनवर बोलत राहिलो, भट्टी तापत गेली, आणि नऊ किलो धातूची लापशी झाली. सगळी टाकावी लागली. दुसऱ्यांदा ओलं वजन टाकलं. थेंबभर पाणी धातूखाली गेलं, त्याची वाफ झाली आणि शिसं छताला चिकटलं. चष्मा आणि लांब बाह्या होत्या म्हणून मनगटावर एका डागावर निभावलं. गॅरेजचं दार उघडं ठेवून, पंखा बाहेर फेकणारा लावून ओततो, तिथे चहासुद्धा नेत नाही. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासतो, कारण बायकोनं तशी अटच घातली आहे.

ओतताना बघायची ती बूड. नाकावर सुरकुती असली तर एकवेळ चालेल, बुडाची कड चाकूसारखी हवी, कारण नळी सोडताना गोळीचा बंदुकीशी शेवटचा संबंध तिथेच असतो. साचा थंड तर सुरकुत्या, फार तापला तर अंगावर दहिवर पडल्यासारखा पांढुरकेपणा. मला थोडं दहिवर आवडतं. साच्याच्या तोंडावर उरलेला थेंब थिजला की मनात पाच मोजायचे, मग तो कापणारी साच्यावरची कातर फिरवायची. चार मोजले की बुडाला ओरबाडा येतो.

तर तीच नळी, तोच दहा इंचांचा पीळ, आता २,१५० फुटांना दहा गोळ्या दोन इंचांत देते. म्हणजे मिनिटाला १,५४,८०० फेरे, त्या पंथाच्या हद्दीबाहेर. पण २,३०० ला अजून चार इंच होतात, हेही लिहून ठेवतो. नवीन घेणार असाल तर बारा इंच पिळाची घ्या. तोच एका थाऊचा दोष तिथे सव्वादोनऐवजी १.९ इंचांच्या आत राहतो. जुनी स्वीडिश माउझर स्वस्तात मिळाली म्हणून गेल्या वर्षी एक जण घेऊन आला. तिचा पीळ २०० मिलिमीटर, आठ इंचांहूनही कमी. सुंदर बंदूक. मी त्याला सांगितलं, हिच्यात ओतीव गोळी सावकाश चालव, नाहीतर माझ्यासारखा धातूला दोष देत बसशील.

परवा आणखी एकानं तोच प्रश्न विचारला, भरकटण्याचा. मी त्याला दांडी, चिंधी आणि मार्कर दिला आणि आधी मोजून ये म्हटलं. तो साडेअकरा इंच सांगत आला. चिंधी सैल होती. परत पाठवला.