सासूनं ओटी भरली आणि कथा अठरा प्लसमध्ये गेली

मार्चएंडची गडबड होती. टेबलावर तीन क्लायंटांच्या फायली पसरलेल्या, आणि फोनवर, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, आमच्या फॅनफिक पुरस्कारांच्या समितीचा निरोप: तुमची कथा प्रौढ विभागात हलवली आहे, हरकत असल्यास दहा दिवसांत कळवा. खाली कारण, एका ओळीत. ‘लैंगिक आशय, पात्राचं वय अस्पष्ट.’

मी ती ओळ चारदा वाचली. माझ्या कथेत दोन बायका रात्रभर बोलत बसतात. एक दुसरीचे केस विंचरते. बास, एवढंच.

फॅनफिक म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर हौसेनं लिहिलेली कथा. माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, दशावतारी मंडळी अर्जुन-सुभद्रेच्या तोंडी ऐनवेळी सुचलेले संवाद घालून पहाट करायची आणि त्याला कुणी वेगळं नाव देत नव्हतं. साडी नेसलेला तो बाप्या स्टेजवर रडला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. मी महाभारतावर लिहिते ते बहुधा तिथूनच आलं. फरक इतकाच, की आता वाचणारे लीड्सपासून जकार्तापर्यंत कुठंही असतात आणि वर्षातून एकदा आपापसात मतदान करून एकमेकांना पुरस्कार देतात. पैसे नाहीत, स्मृतिचिन्ह नाही. एक चित्र मिळतं, प्रोफाइलवर लावायला. पण त्यासाठी होणारी भांडणं साहित्य संमेलनाला लाजवतील अशी.

माझी कथा महाभारतातल्या अंबोपाख्यानातली. द्रुपदानं आपल्या मुलीला, शिखंडिनीला, मुलगा म्हणून वाढवलं आणि दशार्णाचा राजा हिरण्यवर्मा याच्या मुलीशी लग्न लावून दिलं. नवरा बाई आहे हे मुलीला कळलं, बातमी माहेरी पोचली, राजा चाल करून यायला निघाला. शिखंडिनी जीव द्यायला रानात गेली, तिथं स्थूण नावाच्या यक्षानं तिला आपलं पुरुषपण उसनं दिलं. उसनं! पुढं कुबेरानं यक्षाला शाप दिला, त्यामुळे ते उसनं शिखंडीला हयातभर फेडावंच लागलं नाही. या सगळ्यात दशार्णाच्या त्या मुलीला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी तिच्या तोंडून लिहिलं. ४२०० शब्द, मराठीत. रेटिंग दिलं टीन.

रेटिंगचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यातले बहुतेक जण आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर लिहितात. फॅनफिकचा हा ऑनलाइन संग्रह २००९ साली सुरू झाला, २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. कथा कुणी वाचावी हे सांगायला तिथं पाच पर्याय असतात: जनरल (सर्वांसाठी), टीन (तेरा वर्षांपुढे), मॅच्युअर आणि एक्स्प्लिसिट (मोठ्यांसाठी) आणि नॉट रेटेड. आपल्या सेन्सॉरच्या यू, यूए, ए सारखंच, पण मोठा फरक असा, की शिक्का लेखक स्वतः मारतो. बोर्ड बसत नाही. नॉट रेटेड म्हणजे ‘मी सांगत नाही, काहीही असू शकतं’. त्यामुळे अशी कथा उघडताना मॅच्युअरसारखीच सूचना येते. आमच्या पुरस्कारांत पहिले दोन मुख्य विभागात, बाकीचे तीन प्रौढ विभागात. प्रौढ विभागाची खोली कुलूपबंद, मतपत्रिका वेगळी, कारण सर्व्हरवर, म्हणजे आमच्या डिस्कॉर्डच्या गटात, तेरा-चौदा वर्षांची मुलं असतात. कुलपाबद्दल माझी तक्रार नव्हती, आजही नाही. तक्रार ही, की प्रौढ विभागातली कथा ‘वर्षातली सर्वोत्कृष्ट’ या मानाला पात्रच नव्हती. म्हणजे कुलपाच्या आत गेलात की पंगतीतूनही उठलात.

मी नम्रपणे विचारलं, कथा वाचली कुणी? उत्तर प्रामाणिक आलं. छाननी करणाऱ्या दोघांपैकी कुणालाच मराठी येत नव्हतं. मजकूर भाषांतराच्या यंत्रातून काढला होता. तो त्यांनी मला पाठवलाही.

नवी सून घरात येते तेव्हा ‘सासूनं तिची ओटी भरली’ असं माझं वाक्य होतं. यंत्रानं त्याचं काय केलं असेल, हे ओटीपोट हा शब्द आठवला की कळेल. इंग्रजीत जे उतरलं होतं ते वाचून मलाही माझी कथा प्रौढ विभागात टाकावीशी वाटली. (महाभारतात तांदूळ-नारळानं ओटी भरत होते का, हे मला विचारू नका. ती राणी द्रुपदाच्या कांपिल्याची कमी आणि माझ्या कोल्हापुरातल्या चुलतसासूसारखी जास्त आहे.)

ओटीचं हसून सोडलं असतं. पण दुसऱ्या तपासनिसाच्या टिपणात आणखी एक वाक्य होतं: दोन स्त्रियांमधलं प्रेम आहे, तेव्हा मॅच्युअर ठेवणं सुरक्षित. हे मात्र यंत्रानं लिहिलेलं नव्हतं. जुन्या काळी कित्येक फॅनफिक संग्रहांत हा नियमच असायचा, मुला-मुलीचं चुंबन सर्वांसाठी आणि दोन मुलींचं मोठ्यांसाठी. फॅनफिक्शन डॉट नेटनं २००२ साली एनसी-१७, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या, कथा काढून टाकल्या, २००५ मध्ये सिनेमाची अक्षरं सोडून के, टी, एम अशी स्वतःची अक्षरं आणली. अक्षरं बदलली, हाताची सवय काही ठिकाणी तशीच राहिली. आमच्या नियमावलीत असं काही लिहिलेलं नव्हतं. आणि ज्यानं ते टिपण लिहिलं तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच काळजी वाटत होती. त्यामुळेच त्याच्याशी भांडणं अवघड.

अर्ज लिहायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या मसुद्यात राग होता. दुसऱ्यात मी दाखला दिला होता, की त्याच यादीत अर्जुन-सुभद्रेच्या पहिल्या रात्रीची एक कथा टीन म्हणून बिनबोभाट पास झाली आहे. तो मी काढून टाकला. कथा सुंदर होती, आणि असा दाखला दिला की मी मुख्य विभागात जात नाही, तीच प्रौढ विभागात जाते. ऑडिटमध्ये हे फार बघितलंय.

शेवटी दोनच मुद्दे ठेवले. एक, कागदावर काय घडतं त्यावर रेटिंग ठरवा, ते कुणामध्ये घडतं त्यावर नको. दोन, तुम्हाला कथा वाचता येत नाही म्हणून ती नॉट रेटेड होत नाही. रेटिंग मी दिलेलं आहे. ते चूक वाटत असेल तर मराठी वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

समितीनं दुसरा मुद्दा लगेच मानला आणि माझ्यावरच टाकला: दोन मराठी वाचक आणा, ओळखीतले नकोत. कोल्हापुरात बसून ओळखीतले नसलेले, महाभारताच्या फॅन्डममधले, म्हणजे या चाहत्यांच्या गोतावळ्यातले, मराठी वाचणारे दोघे शोधणं म्हणजे स्थळ शोधण्यापेक्षा कठीण. एक बेळगावची कॉलेजची प्राध्यापिका मिळाली. दुसरा गोव्याचा, लीड्समध्ये पीएच.डी. करणारा. त्यानं आधीच सांगितलं, ‘ताई, घरी कोंकणी बोलतो, मराठी शाळेत शिकलोय, चालेल?’ चालेल म्हटलं. दोघांनी स्वतंत्रपणे टीन लिहिलं. प्राध्यापिकाबाईंनी शुद्धलेखनाच्या अकरा चुकाही पाठवल्या, न मागता.

नवव्या दिवशी कथा मुख्य विभागात परत आली. मतं पडली सात. वाचणारेच तेवढे, त्यातले दोन तपासणारे.

पुढच्या वर्षी नियमात एक ओळ वाढली, की इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या कथा त्या भाषेच्या वाचकाकडे जातील. प्रौढ कथांनाही मोठ्या मानासाठी दार उघडलं, मतपत्रिका वेगळी ठेवून. आणि मला छाननीला बसवलं. ओरडणाऱ्याला काम द्यायचं, हे आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच.

पहिल्याच आठवड्यात इंडोनेशियन कथा आली, श्रीकांडीची. जावातल्या वायांग या बाहुल्यांच्या खेळात शिखंडी सरळ स्त्री आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. इंडोनेशियन वाचक यादीत कुणी नव्हता. मी काय केलं? यंत्रातून काढली. आणि एका वाक्याशी थबकले, कारण ते फारच उघडं होतं. बोट ‘मॅच्युअर’वर गेलेलं होतं, खोटं कशाला सांगू. मग ओटी आठवली. लेखिकेला विचारलं. तिनं हसण्याच्या चिन्हांची रांग पाठवली: अर्जुन श्रीकांडीला धनुष्य ओढायला शिकवतोय, ते ताणण्याचं वर्णन आहे. त्या कथेला आम्ही जनरल दिलं.

अवघड गेलं ते दुसरंच, आणि तेही आपल्याच मराठीत. सौप्तिक पर्वावरची कथा. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो, झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारतो. लेखिकेनं टीन दिलेलं. मी आणि बेळगावच्या बाईंनी प्रौढ केलं. प्रेम नाही, शरीरसंबंध नाही, पण सहा पानं फक्त मारणं, हातांनी, आवाजांसकट. रेटिंग म्हटलं की सगळ्यांची नजर पलंगाकडे जाते, रक्त कुणाच्या डोळ्यात येत नाही.

लेखिकेनं लिहिलं, ‘अहो, ही गोष्ट माझ्या आजीनं मला सातव्या वर्षी सांगितली आहे.’ मी लिहिलं, आजीनं एका वाक्यात सांगितली असेल.

तिनं रीतसर हरकत घेतली. अर्जाचं पहिलं वाक्य माझ्याच जुन्या अर्जातलं होतं, नमुना म्हणून तो आम्ही सर्वांना वाचायला ठेवला होता: ‘तपासणाऱ्यांनी मूळ मजकूर वाचला आहे का?’

वाचला होता. शेवटची दोन पानं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात.