जबड्यातून कानात

आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन कवट्या होत्या, एक बोकडाची, एक कोंबडीची. दोन्ही बाईंनी स्वतः उकळून साफ केलेल्या. नववीत त्यांनी त्या आमच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "जबडा कुठं अडकलाय ते बघा."

बोकडाच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड, थेट कवटीला सांधलेलं. कोंबडीच्या जबड्यात मात्र अनेक हाडं एकजीव झालेली, आणि सांध्यापाशी कवटीच्या बाजूला एक छोटं, सुटं हाड. शिवाय कोंबडीच्या कानात हाड एकच, तर बोकडाच्या आणि आपल्या कानात तीन: हातोडी, ऐरण, रिकीब. जास्तीची दोन आली कुठून? उत्तर बाईंनी पुढच्या तासापर्यंत राखून ठेवलं.

कोंबडीच्या जबड्याचं ते सुटं हाड म्हणजेच आपली ऐरण! आणि खालच्या जबड्याचा त्याला भिडणारा भाग म्हणजे हातोडी. जर्मनीचे शरीररचनाशास्त्रज्ञ रायखर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या भ्रूणांवरून हे ओळखलं, डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या २२ वर्षं आधी. भ्रूणात ही हाडं जबड्याच्या कूर्चेच्या टोकाशीच तयार होतात, मागाहून सुटतात.

मग उत्क्रांतीत ही हाडं जबड्यातून कानात जात असतानाच्या मधल्या काळातले प्राणी चावत कशानं होते? हा माझा प्रश्न बाईंना फार आवडला. वेल्समध्ये जीवाश्म सापडलेल्या, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याला दोन्ही सांधे होते, कोंबडीसारखा जुना आणि बोकडासारखा नवा, शेजारी शेजारी. नव्यानं चावण्याचा भार पेलला, तशी जुनी हाडं ऐकण्याच्या कामी लागली.

पुढे मी कान-नाक-घसा तज्ज्ञ झालो. वैद्यकीय महाविद्यालयात हाडांची नावं पाठ केली. ती तिथं का आहेत हे मला या शाळेनं शिकवलं, आणि ते ऋण मोठं आहे.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत त्याचा रोज प्रत्यय येतो. स्वरयंत्राकडे जाणारी डावी चेता (मज्जातंतू) मानेतून थेट तिथं जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. माशांत तिची वाट कल्ल्यांकडे सरळ होती. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, आणि रक्तवाहिनीखाली अडकलेली चेता ओढली गेली. जिराफात हा फेरा कित्येक मीटरांचा आहे. शस्त्रक्रियेत ही चेता दुखावली तर रुग्णाचा आवाज बसतो. म्हणून शिकाऊ डॉक्टरांसाठी मी फळ्यावर आधी माशाचे कल्ले काढतो, मग माणसाची मान.