मुलींचंच कॉलेज, आणि तेही एवढं छोटं?

सोलापुरात कुणीही भेटलं आणि कॉलेजचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला, म्हणजे एवढं अमेरिकेला जाऊन मुलींच्याच कॉलेजात शिकलीस होय? दाजी पेठेतल्या आत्या तर अजून म्हणतात, अगं इथं काय मुलींची कॉलेजं नव्हती का, हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेली असतीस तरी झालं असतं की. त्यांच्या बोलण्यात टोमणा नसतो, खरंच कळत नाही म्हणून विचारतात. शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेत काहीतरी लिही असा बाईंचा मेसेज आला तेव्हा वाटलं, आठवणी तर सगळेच लिहितील, आपण या प्रश्नाचं नीट उत्तर लिहावं. कारण आत्ता आपल्या शाळेत बसलेल्या मुलींना अशी कॉलेजं असतात हेच माहीत नसतं, आणि माहीत असतं तर त्यातल्या दोन-तीन जणी तरी नक्की गेल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

माझ्या कॉलेजचं नाव माउंट होल्योक. मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथ हॅडली म्हणून छोटं गाव आहे तिथं, बोस्टनपासून गाडीनं दीड-दोन तास. खाजगी कॉलेज, चार वर्षांची डिग्री, सगळ्या मिळून 2,200 च्या आसपास विद्यार्थिनी, आणि जवळजवळ सगळ्या कॅम्पसवरच राहतात. सोलापुरातली कितीतरी कॉलेजं याहून मोठी आहेत. कॅम्पस मात्र मोठा, दोन तळी, जुनी दगडी लायब्ररी, झाडी एवढी की मे महिन्यातलं सोलापूर अंगात मुरलेल्या मला पहिले काही दिवस हे खरं वाटतच नव्हतं.

सुरुवात झाली 1837 साली. मेरी लायन नावाची शेतकऱ्याच्या घरातली बाई, सतराव्या वर्षापासून मास्तरकी करणारी, तिला वाटलं की मुलांना कॉलेजात जे शिकवतात तेच मुलींना शिकवायचं, आणि तेही श्रीमंतांच्या नाही, साध्या घरातल्या मुलींना. मग ती हिरवी मखमली पिशवी घेऊन गावोगाव फिरली आणि वर्गणी गोळा केली, काहींनी हजार डॉलर दिले आणि काहींनी सहा सेंट. सहा सेंटचीसुद्धा नोंद ठेवली हे मला फार आवडतं. 8 नोव्हेंबरला शाळा उघडली तेव्हा साधारण 80 मुली होत्या. वर्षाची फी 60 डॉलर, म्हणजे त्या काळातल्या तसल्याच शाळांच्या मानानं खूप कमी, आणि ती कमी ठेवता आली कारण स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळं मुली वाटून घ्यायच्या, नोकर ठेवायचे नाहीत. (ती पद्धत पुढं बंद झाली.) आणि गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं, मुलींना हे झेपणार नाही असं बाहेर सगळे म्हणत असतानाच्या काळात. सावित्रीबाई-जोतिबांची भिडे वाड्यातली शाळा 1848 ची, म्हणजे अकरा वर्षांनीच. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा पत्ता नसेल पण भांडण तेच होतं, मुलगी शिकली तर घर कोण बघणार.

1896 ला आग लागून मूळची मोठी इमारत जळून गेली, सगळं त्या एकाच इमारतीत होतं, राहणं, वर्ग, जेवण. त्यानंतर वेगवेगळी छोटी वसतिगृहं बांधली आणि आजचा कॅम्पस झाला. मधे 1937 ला शंभर वर्षं पूर्ण होत असतानाच पहिल्यांदा एक पुरुष प्रेसिडेंट नेमला तेव्हा माजी विद्यार्थिनींनी केवढा विरोध केला होता त्याच्या गोष्टी आम्हाला आल्या आल्याच कळल्या होत्या. पुढं 1978 पासून परत बाईच प्रेसिडेंट झाली.

आता शिकवतात कसं ते सांगते कारण खरा फरक तिथं आहे. आपल्याकडं दहावीला मार्क किती त्यावर साइड ठरते, सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, आणि एकदा ठरली की ठरली. तिथं साइडच नाही. पहिली दोन वर्षं सगळं चाखून बघायचं, एक भाषा घ्यावी लागते, विज्ञान-गणितातलं काहीतरी, समाजशास्त्रांमधलं काहीतरी, साहित्य-कला-तत्त्वज्ञानातलं काहीतरी, आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. मी घरून निघताना कॉम्प्युटर म्हणून निघाले होते आणि इकॉनॉमिक्स करून बाहेर पडले, सोबत दोन सेमिस्टर वनस्पतिशास्त्र पण केलं, तिथलं जुनं काचेचं ग्रीनहाउस बघूनच घेतलं होतं खरं तर. माझी रूममेट केमिस्ट्रीवाली, ती सोबत नाच शिकत होती आणि त्याचे मार्क डिग्रीत धरत होते. पप्पांना फोनवर हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्पच, मग म्हणाले नाचाचे मार्क?

वर्ग छोटे. साधारण नऊ-दहा विद्यार्थिनींमागे एक प्राध्यापक असा हिशोब पडतो. काही वर्गात आम्ही बारा-पंधरा जणी टेबलाभोवती बसायचो, मागचा बाक हा प्रकारच नाही. आणि मोठ्या युनिव्हर्सिटीत पीएचडीवाले जे काम करतात, लॅबमधलं, सर्वेचं, ते तिथं बीएच्या मुलींना मिळतं कारण दुसरं कोणी नसतंच करायला. परीक्षेची गंमत म्हणजे परीक्षा कधी द्यायची ते ठरलेल्या दिवसांत आपलं आपण निवडायचं, पेपर घ्यायचा, बसून लिहायचा, सुपरवायझर कोणी नाही. विश्वासावर. आपल्याकडं बारावीला भरारी पथक बघितलेल्या मुलीला हे पचायला वेळ लागतो पण पचतं, आणि कोणी कॉपी करत नाही, कारण एवढ्या छोट्या जागेत तुमच्यावर एवढा विश्वास टाकला की तो मोडावासा वाटत नाही.

छोटं आहे म्हणून काही कमी पडतं का, तर नाही, कारण शेजारची चार मोठी-छोटी कॉलेजं जोडलेली आहेत, ॲमहर्स्ट, स्मिथ, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्सची सरकारी युनिव्हर्सिटी. पाचांच्या मधे बस फिरते, एकाची विद्यार्थिनी दुसऱ्यात जाऊन कोर्स घेते, लायब्ररीची पुस्तकं मागवते. म्हणजे ज्यांना वाटतं मुलींच्या कॉलेजात मुलगी जगापासून तुटते त्यांनी ती बस संध्याकाळी बघावी.

आत्यांच्या प्रश्नाकडं येते. मुलींचंच का.

ते मला तिथं जाऊन पण लगेच कळलं नव्हतं, हळूहळू दिसायला लागलं. विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष मुलगी, खजिनदार मुलगी, भौतिकशास्त्राच्या लॅबमधे मशीन उघडून बसलेली मुलगी, नाटकाचे लाइट शिडीवर चढून लावणारी मुलगी, पेपरचं संपादन करणारी, क्लबचं बजेट मांडून भांडणारी, सगळ्या मुलीच, मग एखादं काम मुलांचं असतं हा विचारच डोक्यातून निघून जातो. आणि मला ते नवीन नव्हतं! आपल्या मुलींच्या शाळेत पण असंच होतं की. पंधरा ऑगस्टला परेडची कमांड मुलगी द्यायची, स्टेजचे जड बाक आम्हीच उचलायचो, विज्ञान प्रदर्शनात सोल्डरिंग आम्हीच केलं. गणिताच्या बाई फळ्यावर गणित घालायच्या आणि कोण येतंय म्हणायच्या तेव्हा हात वर करताना कोणाकडं बघायची गरज नव्हती. नंतर बाहेरच्या क्लासला गेलो, जिथं मुलं-मुली एकत्र, तिथं त्याच आम्ही मुली गप्प बसायला लागलो, उत्तर येत असून. का ते तेव्हा कळलं नाही. त्यामुळं मी आत्यांना सांगते की मी अमेरिकेत जाऊन वेगळं काही निवडलं नाही, शाळेत जे मिळालं तेच पुढची चार वर्षं मागितलं.

अशी कॉलेजं कमी होत चालली आहेत हे पण सांगायला पाहिजे. 1960 च्या सुमाराला अमेरिकेत दोनशेच्या वर महिला कॉलेजं होती, आता चाळीसच्या आत. वासर कॉलेज 1969 ला मुलांना घ्यायला लागलं, रॅडक्लिफ कॉलेज 1999 ला हार्वर्डमधे विलीन झालं. माउंट होल्योक मुलींचंच राहिलं, आणि 2014 पासून ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी पण दार उघडलं. मला हे योग्य वाटतं, ज्यांना बाहेर बोलू देत नाहीत त्यांच्यासाठीच ती जागा काढली होती ना मुळात.

तिथून शिकून गेलेल्यांपैकी दोघींबद्दल लिहिते. एक व्हर्जिनिया अपगार, 1929 च्या तुकडीची. पुढं डॉक्टर झाली, सर्जन व्हायचं होतं पण त्या काळात बाईला सर्जन म्हणून कोण बोलावणार म्हणून वरिष्ठांनीच भूल देण्याच्या शास्त्राकडं वळवलं. तिनं 1952 ला नवजात बाळाची तपासणी बसवली, हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, जन्मल्यावर एका मिनिटाला, आणि पुढं पाचव्या मिनिटाला पण. माझी वहिनी नर्स आहे, तिला मी हे सांगितलं तर म्हणाली अगं अपगार स्कोअर तर आम्ही प्रत्येक बाळाचा भरतो, ते बाईचं नाव आहे होय! सोलापुरात दवाखान्यात जन्मलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची पहिली परीक्षा त्या बाईच्या हिशोबानं झालेली असणार.

दुसरी फ्रान्सेस पर्किन्स, 1902 च्या तुकडीची. कॉलेजात असताना इतिहासाच्या एका कोर्ससाठी त्यांना जवळच्या गिरण्यांमधे पाठवायचे, बघून या लोक कसे काम करतात. पुढं 1911 ला न्यूयॉर्कमधे कपड्यांच्या कारखान्याला आग लागून 146 कामगार गेले, बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली, ते तिनं रस्त्यावर उभं राहून बघितलं. 1933 ला ती अमेरिकेची कामगार मंत्री झाली, तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळातली पहिली बाई, बारा वर्षं राहिली. म्हातारपणीची पेन्शन, बेकार भत्ता, किमान वेतन, या सगळ्या कायद्यांमागं ती होती.

हे शिकवत असताना आमच्या प्रोफेसरबाईंनी विचारलं, तुझ्या गावात बायका काय काम करतात? मी सांगितलं विड्या वळतात. आमच्या गल्लीत दुपारी प्रत्येक उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, हजार विड्या झाल्या की मजुरीचा हिशोब, आणि शेजारच्या अक्का तर तेलुगूत आमच्याशी गप्पा मारत मारत, हाताकडं न बघता वळायच्या, कुठं जाऊलालीस गं शाळा सुटली का म्हणत. मला हे सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं कधी, लहानपणापासून बघितलेलं. बाई म्हणाल्या याच्यावरच लिही. मग सुट्टीत सोलापूरला आले तेव्हा अक्कांजवळ बसून सगळं विचारलं, पान ओलं करून घरी नेतात ते, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढतात ते, पासबुक कुणाच्या नावावर, पीएफ मिळतो का. माझा शेवटच्या वर्षीचा प्रबंध त्याच्यावर झाला. माउंट होल्योकच्या लायब्ररीत आपल्या पूर्व भागातल्या गल्लीबद्दल लिहिलेलं काहीतरी आहे याचा मला डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे, हे अक्कांना सांगितलं तर त्यांनी मला शेंगा चटणीचा डबा बांधून दिला.

परंपरा पण बऱ्याच. माउंटन डे तर 1838 पासून चालू आहे, शरद ऋतूत एक दिवस सकाळी अचानक घंटा वाजते, आज कॉलेजला सुट्टी, आणि सगळ्या निघतात जवळच्या डोंगरावर. आधी कोणाला तारीख माहीत नसते. पदवीच्या आदल्या दिवशी माजी विद्यार्थिनी पांढरे कपडे घालून मिरवणुकीनं येतात, वर्षानुवर्षांच्या तुकड्या, म्हाताऱ्या बाया चाकाच्या खुर्चीत, शेवटच्या वर्षाच्या मुली खांद्यावर लॉरेलच्या पानांची लांबच लांब माळ घेऊन मेरी लायनच्या समाधीपर्यंत जातात. मी आईची पांढरी इरकल नेसले होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज खांद्यावर घेतलेले लोक डोळ्यासमोर आले, तसंच अंगावर काटा येणं.

आता पैशाचं, कारण सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न असणार. महाग आहे, खूप महाग, पप्पांच्या चार पॉवरलूमवर ते शक्यच नव्हतं. पण ज्या मुलींना प्रवेश देतात त्यांना घरची परिस्थिती बघून मदत देतात, आणि माझा बहुतेक खर्च त्यातून झाला. परदेशी मुलींच्या बाबतीत निवड करतानाच त्यांना किती मदत लागेल हे बघतात, त्यामुळं स्पर्धा जास्त असते, हे लपवून उपयोग नाही. सीएसएस प्रोफाइल म्हणून एक फॉर्म असतो, उत्पन्न, घर, कर्ज सगळं लिहायचं. उरलेल्या खर्चासाठी मी कॅम्पसवरच्या भोजनगृहात काम केलं, विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं. ताटं घासली, भाज्या चिरल्या, त्यात कमीपणा काही नाही, सगळ्याच करतात.

आणि शाळेचा वाटा यात केवढा होता ते बाईंना पण माहीत नसेल. तिथं फक्त मार्क बघत नाहीत. 2001 पासून तर त्यांनी एसएटी, म्हणजे अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा पण ऐच्छिक केलेली आहे. नववीपासूनचा निकाल, तुम्ही लिहिलेला निबंध आणि शिक्षकांची पत्रं बघतात. आपल्याकडं शाळा म्हणजे बोनाफाइड आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला, छापील दोन ओळी. आमच्या गणिताच्या बाईंनी मात्र रविवारी शाळेत बसून दोन पानं पत्र लिहिलं, इंग्रजीच्या बाईंनी ते तपासलं, त्यात मी सातवीत प्रमेयाच्या सिद्धतेवरून त्यांच्याशी वर्गात वाद घातला होता ती गोष्ट पण होती. सेमी इंग्लिशच्या मुलीचं इंग्रजी किती चांगलं यापेक्षा त्या पत्राचा उपयोग जास्त झाला असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आत्ताच्या मुलींना एवढंच सांगायचंय की नववीपासूनच्या मार्कलिस्ट जपून ठेवा, वर्गाबाहेर जे काही करता, विज्ञान प्रदर्शन असो, लेझीम असो किंवा आईला विड्या वळायला मदत असो, ते वहीत लिहून ठेवा, ते सगळं फॉर्ममधे येतं. फॉर्म बारावीच्या वर्षातच भरायचे असतात, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, बोर्डाच्या अभ्यासाच्या ऐन मधे, त्यामुळं तयारी अकरावीतच सुरू करा. आणि शिक्षकांनो, पत्र मागायला मुलगी आली तर तिला छापील दाखला देऊ नका प्लीज, तिच्याबद्दल एक खरी घडलेली गोष्ट लिहा. मी जानेवारीत गड्ड्याला सोलापुरात आहे, यात्रा झाली की एक दुपार शाळेच्या लायब्ररीत बसणार आहे, ज्यांना फॉर्म बघायचाय त्यांनी आईवडिलांना घेऊन या, आत्यांना पण घेऊन या, त्यांचे प्रश्न सगळ्यात नेमके असतात.