फोटो संपादनासाठी माऊस: पावसाळ्यातील नोंदी

यंदाच्या पावसाळ्यात बाहेर फारसे फिरता येणार नाही हे गृहीत धरून मी एक जुने काम हाती घेतले आहे, ते म्हणजे लॅपटॉपवर फोटोंचे संपादन करण्यासाठी धड माऊस निवडणे. कॅमेरा आणि लेन्स यांवर आपण हौशी मंडळी तासन्‌तास बोलतो, पण ज्या वस्तूवर संपादनाचा निम्मा भार असतो ती बहुधा लॅपटॉपबरोबर दुकानदाराने फुकट दिलेली असते आणि वर्षानुवर्षे तशीच चालते. माझा लॅपटॉप 15.6 इंची पडद्याचा आणि 1920 × 1080 पिक्सेलचा आहे, काम मुख्यतः लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कधी कधी तशाच डार्कटेबलमध्ये चालते, आणि घर गोव्यात फोंड्याला आहे. हे शेवटचे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

आषाढाच्या तोंडावर

टचपॅडचा विचार लवकर आटोपला. फोटो चाळणे, तारे देणे, नको ते काढून टाकणे ही कामे त्यावर होतात, पण मास्कसाठी, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच बदलण्याकरिता तो निवडण्यासाठी, ब्रश ओढायचा झाला की एका बोटाने दाबून धरावे लागते, दुसऱ्याने सरकवावे लागते आणि पॅडची कड आली की रेघ तुटते. ट्रॅकबॉल एका मित्राकडून उसना आणून पाहिला. मनगटाला त्यात आराम आहे, परंतु अंगठ्याने गोळा फिरवून वक्र कड गिरवणे मला तरी जमण्यासारखे वाटले नाही.

चिखलकाल्यानंतर

माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलात खेळण्याचा जो चिखलकाला उत्सव होतो, त्याचे फोटो म्हणजे माऊसची खरी कसोटी. आभाळ भरलेले असते, उजेड सगळीकडून सारखा येतो आणि अंगावरचा चिखल व पायाखालचा चिखल एकाच छटेचे असतात, त्यामुळे आपोआप होणाऱ्या निवडीत माणसाबरोबर जमीनही धरली जाते. एका फोटोत सात-आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याचा चेहरा पूर्ण माखलेला असून फक्त डोळे आणि दात तेवढे स्वच्छ आहेत. त्या डोळ्यांचा पांढरा भाग किंचित उजळायचा, पण पापणीवर वाळू लागलेल्या चिखलाला धक्का लावायचा नाही, असे ते काम होते. दोनशे टक्के मोठे करून पाहिले तरी पापणीची कड पडद्यावर जेमतेम नखाएवढी दिसते, आणि तिच्या आतल्या बाजूने ब्रश फिरवताना हात किती हळू चालवता येतो यावर सगळे ठरते.

इथे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या डीपीआयचा हिशेब मांडून पाहावा. माऊस इंचभर सरकला की सेन्सर किती टप्पे मोजतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. वेग वाढवणारी कोणतीही सोय चालू नसेल, तर 1000 डीपीआयवर माझ्या पडद्याची पूर्ण रुंदी ओलांडायला हात सुमारे 4.9 सेंटिमीटर सरकवावा लागतो, 1600 वर सुमारे 3 सेंटिमीटर आणि 8000 वर जेमतेम 6 मिलिमीटर. सहा मिलिमीटरमध्ये अख्खा पडदा बसवल्यावर पापणीची कड गिरवायची कशी, हे जाहिरात लिहिणाऱ्यांनाच विचारावे. मोठ्या आकड्याचा सेन्सर वाईट नसतो, आणि 4के पडदा जोडणाऱ्याला त्याचा उपयोगही होईल. मात्र माझ्यासारख्या पडद्यावर 800 ते 1200 च्या दरम्यान काम नीट होते, आणि हा पल्ला साधे माऊसही गाठतात. पोलिंग रेटचे, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो त्या आकड्याचेही तसेच आहे. 125 हर्ट्‌झचा माऊस दर 8 मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो आणि साध्या लॅपटॉपचा 60 हर्ट्‌झचा पडदा सुमारे 16.7 मिलिसेकंदांनी बदलतो, तेव्हा 1000 हर्ट्‌झसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण फोटोवाल्याला सहसा नाही.

नवा माऊस घेण्याआधी दोन गोष्टी फुकटात करता येतात आणि त्या सर्वांनी कराव्यात असे मी आग्रहाने सांगेन. विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाकावी. नाव अचूकतेचे असले तरी ती सोय प्रत्यक्षात हाताच्या वेगानुसार कर्सरची धाव कमी-जास्त करते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला कर्सर कधी इथे तर कधी तिथे पोहोचतो आणि हाताला सवय लागत नाही. दुसरे असे की लाइटरूम क्लासिकमधील उजवीकडचा पॅनेल कडेला धरून रुंद करावा. स्लायडर जितका लांब, तितका एका पिक्सेलमागे होणारा बदल लहान. स्लायडरवर कर्सर नुसता नेऊन ठेवला तरी वर-खालच्या बाणांनी किंमत बदलता येते, म्हणजे तिथे माऊस स्थिर राहिला तरी पुरते. डार्कटेबलमध्ये स्लायडरवर उजवे क्लिक केले की बारीक फरकासाठी वेगळी चौकट उघडते, तीही सोयीची आहे.

सेन्सरपेक्षा माझे लक्ष आता चाकाकडे जास्त असते. लाइटरूम क्लासिकमध्ये ब्रश हातात असताना चाक फिरवले की ब्रशचा आकार बदलतो आणि शिफ्ट दाबून फिरवले की कडेचा मऊपणा बदलतो. डार्कटेबलच्या मास्कमध्येही साधारण हीच पद्धत आहे आणि कंट्रोल दाबल्यास अपारदर्शकता बदलते. म्हणजे डोळ्यासारख्या जागी चाक सतत बोटाखाली असते. ते खाचेखाचेने, प्रत्येक टप्पा बोटाला जाणवेल असे फिरले पाहिजे. फुकट मिळालेल्या माझ्या माऊसचे चाक इतके सैल झाले होते की एक टप्पा हवा असताना दोन जात. उलट चोडणच्या सलीम अली अभयारण्यातून आणलेल्या खंड्याच्या शेकडो फ्रेम चाळताना मोकळे फिरणारे चाक बरे वाटते. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर 3एसचे चाक दोन्ही प्रकारे चालते आणि अंगठ्याखाली दुसरे आडवे चाकही आहे. पण तो 141 ग्रॅमचा आहे आणि फक्त उजव्या हाताचा आहे. मित्राकडे तो वापरून पाहिला. चाके उत्तम आहेत, परंतु लहान लहान हालचालींत ते वजन मला जाणवले. त्याच घराण्यातला एमएक्स एनीव्हेअर 3एस 99 ग्रॅमचा आहे आणि बारीक कामाला मला तो जास्त पटला.

श्रावणातील नोंद: डोंगल अडखळते तेव्हा

वायरलेस माऊसचा कर्सर अधूनमधून अडखळतो अशी तक्रार आपल्या हौशी मंडळींपैकी दोघातिघांनी केली होती, आणि सेल बदलूनही फरक पडला नव्हता. माझ्याकडेही कार्डवरून फोटो उतरवताना नेमके तेच होत होते, पण फक्त तेव्हाच, आणि त्यातच कारणाचा माग होता. यूएसबी 3.0 ची जोडणी सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने चालते आणि तिच्यातून निघणारा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो. माऊसचे डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा त्याचा छोटा रिसीव्हर, बोलते ते याच पट्ट्यात. इंटेलने 2012 मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केले होते. कार्ड रीडर किंवा बाहेरची एसएसडी शेजारच्याच पोर्टमध्ये असली की डोंगलला माऊसचा क्षीण आवाज त्या गोंगाटात ऐकू येत नाही. उपाय स्वस्त आहे. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावावे, किंवा हातभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शनने माऊसजवळ आणून ठेवावे. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालते, म्हणून ब्लूटूथ माऊस घेतल्याने या त्रासातून सुटका होईलच असे मानू नये. वायरवाल्या माऊसला हा प्रश्नच नाही.

दमट हवेचा हिशेब

आता फोंड्याचे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कॅमेरा आपण सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, माऊस मात्र टेबलावर उघडा असतो. माझ्या आधीच्या एका माऊसच्या अंगावर मऊ रबरी लेप होता, तो दुसऱ्या पावसाळ्यात चिकट झाला आणि हाताला लागू लागला, कारण अशा लेपांतील पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होते. स्पिरिटने पुसले की तात्पुरते बरे दिसते, इतकेच. त्यामुळे किमतीने कमी असले तरी कोरड्या, किंचित खडबडीत प्लॅस्टिकचे माऊस आपल्याकडे जास्त टिकतात असे माझे मत झाले आहे. पेन्सिल सेलवर चालणारा माऊस असेल, तर दीर्घकाळ न वापरताना सेल काढून ठेवावा. फुटलेल्या सेलचे क्षार आणि दमट हवा एकत्र आली की आतल्या पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात.

माऊसखालच्या पृष्ठभागाचाही इथे विचार हवा. ऑप्टिकल माऊस म्हणजे पोटात बसवलेला बारकासा कॅमेराच आहे. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत काय सरकले ते ताडून पाहतो. त्याला पोत दिसला नाही तर तो चुकतो. आपल्या अनेक घरांत टेबलावर काच असते आणि काचेखाली जुने फोटो किंवा कॅलेंडर, अशा जागी साधा सेन्सर हमखास भरकटतो. काचेवर चालणारे सेन्सर आहेत, एमएक्स मालिकेत ते मिळतात. मी मात्र पॅड वापरणे पसंत करतो. कापडी पॅड पावसात ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते, म्हणून पुसता येईल असा रेक्झिनचा घेतला. त्याच्यावर सेन्सर नीट चालतो आणि हाताचा घाम लागला तरी कपड्याने निघतो.

चतुर्थीच्या आधी

मनगट दुखणाऱ्या मंडळींनी उभ्या माऊसबद्दल विचारले होते. लॉजिटेक लिफ्ट 57 अंशांत कललेला आहे, लहान व मध्यम हातांसाठी बनवलेला आहे आणि डावखुऱ्यांसाठीही मिळतो. हस्तांदोलनासारखा हात राहतो, त्यामुळे लांबलचक निवडीच्या बैठकीला तो आरामशीर आहे. पण क्लिक करताना बोट बाजूने दाबते, त्यामुळे माऊस किंचित आडवा सरकतो, आणि डाग झाकण्यासाठी क्लोन किंवा हील ही साधने वापरताना हा केसभर धक्का नेमका नडतो. ज्यांचे दुखणे खरे आहे त्यांनी तो जरूर घ्यावा आणि बारीक जागेसाठी पेन टॅब्लेट ठेवावा. कडा गिरवण्यात पेनला तोड नाही, हे मला मान्य आहे. परंतु माझे तीन चतुर्थांश काम स्लायडर आणि निवडीचे असते, आणि त्यासाठी दर वेळी पेन उचलणे-ठेवणे मला जाचक वाटते.

सध्या टेबलावर दोन माऊस आहेत. मास्कच्या कामाला वायरवाला, कोरड्या प्लॅस्टिकचा, खाचांच्या चाकाचा, 85 ग्रॅमचा लॉजिटेक जी102 आहे, तो 1000 डीपीआयवर बांधून ठेवला आहे. त्याची सेन्सरची कमाल क्षमता 8000 आहे, ती मला लागणार नाही. बाजूच्या दोन बटणांपैकी एकावर ‘मागे घ्या’ आणि दुसऱ्यावर ‘आधी-नंतर’ बसवले आहे. दुसरा माऊस प्रवासाचा, लहान आणि डोंगलवाला आहे. चतुर्थीत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगलेल्या चौकटीचे, फोटो भरपूर निघतील, आणि टांगलेली फळे, पाने व मागचा अंधार यांच्या कडा वेगळ्या करण्याचे काम त्यांत असेल. तेव्हा जी102 च्या चाकाच्या खाचा दीर्घ कामात बोटाला जड जातात का, ते पाहून पुढची नोंद करीन.