तीन हजारांत रॉड आणि रील: तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, तीन हजारांत रॉड-रील कुठलं घेऊ?" म्हणजे गळाने मासे धरायची काठी आणि तिच्यावरची दोरी गुंडाळायची चकरी. हा प्रश्न मला गणपतीच्या मांडवात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणारा बहुधा पंचविशीतला, इंदूरचाच, आणि कुणीतरी महाशीर मासा ओढत असल्याचा व्हिडिओ नुकताच पाहिलेला. त्याला कंपनीचं नाव हवं असतं. माझं उत्तर कंपनीपासून सुरू होत नाही, त्यामुळे निम्मे तिथेच कंटाळतात. न कंटाळलेल्यांसाठी सविस्तर सांगतो.

तीन हजारांतले निम्मे रीलला द्या. नऊशेच्या आसपास रॉड, तीनशेची दोरी, बाकी गळ, वजनाचं शिसं, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि गळ सोडवायची चिमटी. लोक नेमकं उलटं करतात. रॉड चकाकतो, दुकानात हवेत फिरवून बघता येतो, म्हणून पैसा तिकडे जातो. रील मग 'असू दे कसलंतरी' म्हणून पिशवीत पडतं.

आपण मासे धरतो ते कुठल्या पाण्यात, हे आधी बघा. आसपासची धरणं, गावतळी, फार तर बडवाहकडची नर्मदा. तिथे गळाला लागतात रोहू आणि मृगळ, नशीब जोरावर असेल तर कटला, आणि काठच्या गवतात मरळ. महाशीर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्याची स्वप्नं खुशाल पाहा, सामान मात्र रोहूच्या हिशेबाने घ्या.

दोन-तीन किलोचा रोहू गळाला लागला की पहिल्यांदा तो तडक खोल पाण्याकडे सुटतो. त्या वेळी तुम्ही दोरी घट्ट धरून ठेवलीत तर ती तुटते, नाहीतर गळ तोंड फाडून निघतो. सैल सोडलीत तर मासा गळ झटकून टाकतो. संक्रांतीला पतंगाला ढील देताना मांजा बोटांतून कसा सरकवतो, तसं इथे ताण ठेवूनच सोडायचं असतं. हे काम बोटं करत नाहीत, रीलमधला ड्रॅग करतो. दोरी ज्यावर गुंडाळलेली असते त्या स्पूलच्या आत चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि वरची घुंडी पिळली की त्या दाबल्या जातात. एवढंच यंत्र. चकत्या चांगल्या असतील तर दोरी एकसारखी सरकते. वाईट असतील तर थोडा वेळ अडकून बसते आणि मग धाडकन सुटते. जी काही दोरी तुटायची ती त्या अडकलेल्या क्षणातच तुटते. नंतर लोक दोरीला शिव्या घालतात.

म्हणून दुकानात रील हातात घेतलंत की आधी घुंडी अर्धवट पिळा आणि स्पूलवरची दोरी हाताने ओढा. सुरुवातीलाच झटका बसला तर ते रील परत ठेवा, पेटीवर काहीही छापलेलं असो. मग हँडल सावकाश फिरवा, कान जवळ नेऊन. खरखर ऐकू येते का? हँडल डुगडुगतं का? जिच्यावरून दोरी आत येते ती छोटी फिरकी बोटाने फिरवून बघा. ती जाम असेल तर दोरीला पीळ पडतो आणि ती घासून झिजते. बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. पेटीवरचं '१२+१' वाचून लोक हुरळतात, पण हलक्या बारा बेअरिंगांपेक्षा बऱ्या प्रतीची तीन-चार केव्हाही उजवी.

आकार ३००० चा घ्या, आणि स्पिनिंगचाच, म्हणजे फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही तो. बेटकास्टिंग रील दिसायला रुबाबदार असतं, पण त्याचा स्पूल फेकताना स्वतःच फिरतो, आणि अंगठ्याने स्पूल आवरायला जमलं नाही की दोरीचं घरटं होतं, आणि कमी पैशांतलं बेटकास्टर ते घरटं हमखास करतं. कंपनी विचाराल तर शिमानो, दाइवा, ओकुमा यांचं सगळ्यांत साधं मॉडेल पैसे थोडे वर-खाली करून हिशेबात बसतं का ते बघा. बसलं तर दुसऱ्या कुणाच्या सोनेरी रीलकडे ढुंकूनही पाहू नका.

रॉड फायबरग्लासचा घ्या. कार्बनचा हलका असतो, माशाने नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं, हे सगळं खरं. पण दगडावर एकदा आपटला की बारीक तडा जातो, दिसत नाही, आणि पुढे कधीतरी ऐन ओढीत कडकन मोडतो. फायबरग्लास जड आणि थोडा मंद, पण मार खातो. सात-आठ फुटी, मध्यम ताकदीचा, दोन तुकड्यांचा. आठ फुटीचा एक तुकडा चार फुटांचा होतो, तो स्कूटरवर नेता येतो. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा रॉड पिशवीत मावतो हाच त्याचा एक गुण. त्याचे सांधे वाळू-चिखलाने अडकतात, म्हणून मी तो कुणालाच सुचवत नाही. घेताना कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोरी जाते त्या प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकले तर कडीला तडा आहे, आणि ती कडी तुमची दोरी कापणार.

दोरी साधी नायलॉनची, एकेरी, बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोची. नायलॉन ताणतं आणि नवशिक्याच्या हिसक्यांना सांभाळून घेतं. विणलेली ब्रेडेड दोरी ताणत नाही, सगळा हिसका थेट ड्रॅगवर आणि गाठीवर येतो. ती नंतर कधीतरी. स्पूल काठापासून दोनेक मिलिमीटर खाली राहील इतका भरा. कमी भरला तर फेक लांब जात नाही, जास्त भरला तर वेटोळी निसटून गुंता होतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापून कमजोर होते.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. आपल्या दोरीला दीड किलोच्या आसपास. दीड लिटरची पाण्याची बाटली भरा, दोरीला बांधा आणि रील हातात धरून उचला. बाटली जमिनीवरून सुटता सुटता दोरी सरकायला लागली पाहिजे. वजनकाटा आणायची गरज नाही.

गळ टाकण्याआधी परवानगीचं बघा. धरणं-तळी मासेमारीसाठी ठेक्याने दिलेली असतात. ठेकेदाराला विचारलं की बहुतेकदा तो थोड्या पैशांत बसू देतो, आणि मासा कुठे आहे हेही सांगतो. घाटावर मात्र गळ टाकू नका. लोक तिथे कणकेच्या गोळ्या टाकून मासे पोसतात, त्यांच्या डोळ्यांदेखत तेच मासे ओढणं मला तरी बरं दिसत नाही. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा. इंदूरजवळचं यशवंत सागर धरण २०२२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे सारस येतात, आणि नायलॉन पायात गुरफटलं की पक्ष्याला ते सोडवता येत नाही.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट माशांच्या विणीसाठी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सामान घेतलंत तर गळाऐवजी नुसतं शिसं बांधून मैदानावर फेकायचा सराव करा. डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, एवढं बघा. पुढे कधी कार्बनचा रॉड घेतलात तर फार नीट बघा, कारण कार्बनमधून वीज वाहते. आणि ढग गडगडायला लागले तर रॉड कुठलाही असो, आडवा ठेवून घरी या.